झीनाची रविवारची सायकल

इटलीतल्या फेरारा शहरात, दवाखान्यात माझ्या शेजारी झीना बसली होती, मनगटाला पट्टी बांधून. मोल्दोवा देशातून कामासाठी आलेली, साठीला टेकलेली. पलीकडे इवानो. त्याच्या म्हाताऱ्या आईला झीनाच सांभाळते.

“सायकल विकून टाका, झीना.”

“नाही विकणार, साहेब.”

“या वयात पडलात. उद्या पाय मोडला तर आईकडे कोण बघणार?”

“त्या गाडीवाल्याने मागे न बघता दार उघडलं, त्याला विचारा.”

“असल्या खटाऱ्याला ब्रेक तरी लागतात का?”

“खटारा म्हणू नका. कितीतरी रविवार जुन्या बाजारात फिरले मी. एकीचं चाक वाकडं, एकीची चेन उतरायची. हिच्यावर बसले आणि कळलं, हीच. ब्रेक लागले म्हणूनच मनगटावर निभावलं.”

“बसने जा की. पास मी काढून देतो.”

“बस बाजारात जाते. मला रविवारी नदीवर जायचं असतं.”

“नदीवर काय ठेवलंय?”

“काही नाही. तिथे मला कोणी हाक मारत नाही.”

“हे बघा, पुन्हा सायकल दिसली तर मला दुसरी बाई बघावी लागेल.”

“बघा. मी सामान बांधून सायकलवरूनच जाईन.”

इवानोचा आवाज उतरला.

“आई दुसऱ्या कोणाच्या हातचं जेवत नाही.”

“माहीत आहे मला.”

“निदान हात बरा होईपर्यंत तरी सायकल बंद ठेवाल?”

“बसणार नाही सायकलवर. तोवर हातात धरून चालत नेईन. चालत जायला वेळ लागेल, तुम्ही मात्र रविवारी जेवण झालं की आईजवळ बसायला या.”