चारशे ताटं आणि एक

आता मला सांगा, कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये रोज चारशे माणसांना जेवू घालणारा आचारी मी, आणि माझ्याच बायकोचं वजन वाढत नाही, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? लोक हसतात. हसू देत. आपलं काही म्हणणं नाही.

पण तुम्हाला सांगतो, सहावा महिना, आणि तपासणीला गेलो तर काटा मागच्याच आकड्यावर. नर्सबाई चष्म्यावरून बघतात, तिच्याकडे नाही, माझ्याकडे. "बाळ लहान वाटतंय हो. घरी स्वयंपाक कोण करतं?" म्हटलं, मीच. "आणि काम काय करता?" म्हटलं... आचारी. त्यावर त्या बराच वेळ काहीतरी लिहीत बसल्या. मग म्हणाल्या, "दोघांचं म्हणून कोंबायचं नाही, थोडं थोडं, पाच-सहा वेळा. डाळ, अंडं, पालेभाजी, दही, फळं."

घरात काय कमी होतं? अंडं उकडलं, पालक शिजवला, डाळ घोटली, सफरचंदाच्या फोडी केल्या, ताट मांडलं आणि धंद्याच्या सवयीनं समोर उभा राहिलो, कारण पहिला घास पोटात जाईपर्यंत आचारी जागचा हलत नाही... आणि हिचा रुमाल नाकाला. "ठेवा, नंतर खाते." नंतर म्हणजे कधी? तिकडून सासूबाई फोनवर, "जावईबापू, मीठ जास्त पडत असेल." वीस वर्षं मीठ टाकतोय मी! पण आपलं काही म्हणणं नाही. बाळाच्या काळजीनं आधी भीती वाटायची, मग तीही वाटेनाशी झाली. ताट मांडायचं, भरलेलं ताट उचलायचं, बस.

त्यात कॅन्टीनचा दुसरा आचारी आजारी पडला. दोन आठवडे दोन्ही पाळ्या माझ्याच गळ्यात. सकाळी सगळं झाकून ठेवून निघायचो, परत यायचो तोवर ही झोपलेली, मी बाहेरच्या खोलीत आडवा. पुढच्या तपासणीला काटा सव्वा किलो वर! नर्सबाई खूश. "छान. काय बदललंत?"

ही खाली मान घालून म्हणाली, "हे घरी नव्हते."

मग रडायलाच लागली. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही... तुमच्या अंगाला तळणाचा वास येतो हो. घास वर येतो."

आता वीस वर्षं मुरलेलं तेल, साबणानं जातंय थोडंच? लिंबू चोळून झालं, डोक्याचा गोटा करून झाला. काही उपयोग नाही. ती रडत होती तेव्हा मला वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगतो, मी फक्त काट्याकडे बघत होतो.

तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी मी ताट वाढतो, टेबलावर ठेवतो आणि माझी ताटली घेऊन जिन्यात बसतो. वरचे काका येता-जाता थबकतात. "काय हो, भांडण झालं का?"

"नाही. ती जेवतेय."

आतून चमच्याचा आवाज येत असतो. बाळंतपणाची तारीख मला तिच्याहून पक्की पाठ आहे. बाळ बाहेर आलं की मी आत.