एका नंबरावर दोन गठ्ठे

(लॉन्ड्रीचं मागचं दार. आत इस्त्रीची वाफ. पायरीवर मॅडम आणि त्यांची विद्यार्थिनी, जिला गटातले सगळे कॅप्टन म्हणतात.)

मॅडम : रड नंतर. आधी सांग, काउंटरवर झालं काय?

कॅप्टन : एक आजोबा कोट घ्यायला आले. नंबर टाकला, तर आम्ही या लॉन्ड्रीसाठी केलेलं ॲप म्हणतं, कपडे कधीच नेले! नेले होते त्यांच्या सूनबाईंनी, पण स्वतःचे. घरात फोन एकच, म्हणून नंबर एकच. गठ्ठे मात्र दोन.

मॅडम : हे चौघांपैकी कुणालाच सुचलं नाही?

कॅप्टन : गोगलगायीला सुचलं होतं. म्हणजे... हळू काम करतो म्हणून मीच ठेवलंय ते नाव. त्यानं एका नंबरावर दोन गठ्ठे ठेवायची सोय केली होती. मी काल काढून टाकली.

मॅडम : न विचारता?

कॅप्टन : मला वाटलं, एकच गिऱ्हाईक चुकून दोनदा नोंदलं गेलंय. त्याला विचारावं तर उत्तराला संध्याकाळ! बाकी दोघांची चालढकल. म्हटलं, मीच करते. सगळं मीच करत आलेय, मॅडम.

मॅडम : ठाऊक आहे. म्हणून तर वर्गातली खोटी उदाहरणं सोडून इथे आणलं तुम्हाला. वर्गात एकटीनं केलं तरी पैकीच्या पैकी मिळतात. इथे आजोबांचा कोट अडकतो.

कॅप्टन : मालकांनी नापसंत केलं की चौघं नापास. तिघांना कुठल्या तोंडानं भेटू?

मॅडम : आहे त्याच. आला बघ तो.

गोगलगाय : इथे बसलीस होय! चल आत. कोट मिळाला.

कॅप्टन : कसा?

गोगलगाय : माझ्याकडे ॲपची जुनी प्रत होती, ती चढवली. तोवर त्या दोघांनी फळ्यांवरचे सगळे गठ्ठे हातानं उलगडून पाहिले. आजोबांना खुर्ची दिली, पाणी दिलं.

मॅडम : गोगलगाय नि पोटात पाय! प्रत ठेवली होतीस?

गोगलगाय : ठेवावीच लागते, मॅडम. कॅप्टन सगळ्यांच्या कामावरून हात फिरवते.

कॅप्टन : मग बोलला का नाहीस कधी?

गोगलगाय : तू थांबतेस कुठे ऐकायला?

मॅडम : आणि मालक?

गोगलगाय : भडकले होते. कोट सापडला तसे निवळले. म्हणतात, काम पसंत आहे, वापरतो.

कॅप्टन : खरंच? हुश्श! चूक कुणाची, ते विचारलं असेल ना?

गोगलगाय : विचारलं. चौघांची म्हणालो.

कॅप्टन : का? काढलं तर मी.

गोगलगाय : तू काढलंस. आम्ही तिघांनी उघडून तरी पाहिलं का?

मॅडम : जा आता आत. वाट बघत असतील.

कॅप्टन : थांब जरा. ती दोन गठ्ठ्यांची सोय... कशी केलीस, समजावशील?

गोगलगाय : आता? वेळ लागेल हं.

कॅप्टन : लागू दे.