जाऊबाईंच्या भुवया

...आणि भर भजनात मला म्हणते कशी, "ताई, तुमची एक भुवई रुमालात गेली वाटतं." पेटीवालीनं पेटी थांबवली, टाळ थांबले, आणि मी तिथं एकाच भुवईनं ईश्वराची आळवणी करत बसलेली. ही माझी सख्खी धाकटी जाऊ, तुम्हाला सांगते. अहो, वयानं भुवया विरळ झाल्या, हा काय गुन्हा आहे? सुनेनं शिकवलंय, म्हणून पेन्सिलीनं केसासारख्या बारीक रेषा ओढते, वरून ब्रश फिरवते, रात्री तोंड धुतलं की देवानं ठेवलं असेल तेवढंच शिल्लक. त्या दिवशी उकडत होतं, कपाळ पुसलं... त्याचा असा जाहीर पंचनामा? तोही मंडळाची मुख्य गायिका निवडायच्या तोंडावर, जेव्हा ती जागा माझी म्हणून जवळजवळ ठरली होती? तेव्हाच ठरवलं, सोडायचं नाही. सूड नव्हे हो, सूड संतांना मान्य नाही. नुसता न्याय.

आणि न्याय आपल्या पायांनी चालत आला. निवडीच्या सकाळी ही दारात. "ताई, माझ्याही काढून द्या ना. तुमचा हात किती सफाईदार." जनाची नाही, मनाची तरी? पण मी म्हटलं, "बस गं बाई." तिनं चष्मा काढला, डोळे मिटले आणि मान वर करून दिली. मी नामस्मरण करत पेन्सिलीला टोक केलं. होते नव्हते ते केस पावडरीखाली गाडले आणि बोटभर वर अशा दोन कमानी काढल्या, की वाटावं, घराला आग लागल्याचं बाईला आत्ताच कळलंय. "चष्मा लावू नकोस हं, पुसतील." चष्म्याशिवाय तिला आरशात धुकं दिसतं. म्हणाली, "छान झाल्यात." सूड नव्हे हो, नुसता न्याय.

सभागृहात मी हसण्याची वाट बघत बसले. हिनं तोंड वर केलं, गंजल्या बिजागरीसारखा सूर लावला, आणि सगळं सभागृह चिडीचूप. आता फुटतील, आता फुटतील... तर पेटीवाली डोळे पुसतेय. "काय हा भाव, जणू देव पुढ्यात उभा राहिलाय." अध्यक्षबाई म्हणाल्या, "आपण नुसत्या गातो हो, हिला दिसतोय." मग मी गायले, सुरात, तालात, नीट विंचरलेल्या भुवयांनी. तर अध्यक्षबाई कानाशी येऊन म्हणतात, "गळा तुमचाच, पण चेहरा जरा हिशेबी वाटतो." एकमतानं जाऊ निवडून आली.

बरं, पुढच्या खेपेला मी तिच्या भुवया जागच्या जागी काढल्या. तर मंडळभर कुजबुज, की हिची भक्ती आटली, घरात कुणीतरी छळतंय, आणि कुणीतरी म्हणजे कोण, तर थोरली जाऊ. आता काय करता? दर आठवड्याला स्नान आटोपलं की आधी तिचा भक्तिभाव काढून देते, दोन्ही बाजूंना सारखा, आणि मग मागच्या रांगेत बसून टाळ वाजवते.