शेजारची सीट

गॅरेजात माझ्याआधी एका नवरा-बायकोचा नंबर होता.

“समोरचा एअरबॅगचा दिवा लागायचा आणि आपोआप विझायचा,” नवरा सांगत होता.

“दिवा विझला तरी बिघाडाची नोंद आत राहते, साहेब,” मेकॅनिक म्हणाला. “शेजारच्या सीटखालची तार सैल आहे. धडक बसली असती, तर त्या बाजूची एअरबॅग फुगलीच नसती.”

“म्हणून मला उन्हाळ्यापासून मागे बसवतोस होय रे?”

“आज दाखवू, उद्या दाखवू करत राहिलो. सांगितलं असतं तर घाबरली असतीस.”

“आणि न सांगून काय झालं? मला वाटलं, मी शेजारी नकोशी झालेय.”

“काहीतरीच काय!”

“तार घट्ट बसवली, ताई. जुनी नोंद पुसू?”

“थांबा, दादा. आधी मला पुढे बसू द्या, मग पुसा.”