शेवंताबाईनं नेलेला उपदेश

मी इतक्या वर्षांचा मेथडिस्ट पाळक, पण खरा उपदेश ऐकला तो बीबी गावच्या शेतात. झालं काय, एका रविवारी मी तिथल्या मंडळीले भेटाले मलकापूरहून गेलो. चर्चात एकटी शेवंताबाई!

"बाकीचे कुठं गेले वो?"

"कापूस वेचाले. तुमी सांगा, मी तिकडं जाऊन सांगीन."

ऐकाले एकच बाई, म्हून मी दहा मिनिटांत आटोपलं. ती तडक शेतात गेली. लोकाईले भेटावं म्हून मागून मीबी गेलो, तर पाह्यतो काय! कापूस वेचता वेचता शेवंताबाई माहा उपदेश शब्दन् शब्द सांगून राह्यली होती, अन् साऱ्या बाया कान देऊन ऐकत होत्या. मधातच ती थांबली.

"पुढं काय?" एकीनं इचारलं.

"पुढचं पास्टरसायबानं सांगतलंच नाही. त्याहीले वाटलं, मी एकटीच आहो."