खालिदची आई, आर्यची आई

अगं, आम्ही कतारला होतो आणि तिथे फुटबॉल वर्ल्ड कपच्या स्टेडियमची कामं जोरात चालू होती ना, तेव्हाची गोष्ट. ऑफिसातल्या नूराने, ती तिथलीच, मला एका नव्या अरबी कादंबरीचा इंग्रजी अनुवाद वाचायला दिला. अर्धी वाचून झाल्यावर मी तावातावाने तिच्या टेबलापाशी गेले.

"अर्धं पुस्तक संपलं तरी नायिकेला नाव नाही. जो तो आपला उम्म खालिद म्हणतो, खालिदची आई. बाईला असं रंगवतात?"

नूरा शांतपणे म्हणाली, "लेखिकेला तेच तर दाखवायचंय."

तेवढ्यात माझा फोन वाजला.

"कोण आहे?" नूराने विचारलं.

"आर्यची आई. आमच्या वरच्या मजल्यावर राहते. रोज मुलांना शाळेतून तीच आणते."

"नाव काय तिचं?"

मला तिचं नावच ठाऊक नव्हतं. फोन वाजतोच आहे. पण मीही हट्टाला पेटले. म्हटलं, आज नाव कळल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. उचलला आणि थेट विचारलं, "आधी मला तुमचं नाव सांगा."

पलीकडून ती हळूच म्हणाली, "कुठलं सांगू? माहेरचं की सासरचं?"