चार वाजता मोहाखाली

—नाही नाही भाऊ, ती गाडी गोंदियाची होती. नागपूरची अजून याची आहे. बसा न, मी पिशवी खाली घेतो. पानठेल्यावाला म्हनते साडेतीनले येते, पन मघा तोच तीनले येते म्हने. किती झाले तुमच्या घडीत? — तीन पंचवीस. हां. म्हनजे पस्तीस मिनिटं. — कायले म्हनजे? कायले नाही, असंच म्हनलो. चार वाजता काही नाही. मी नागपूरले चाललो, साळा, बाईचा भाऊ, भरती आहे दवाखान्यात, त्याले पाहाले. अचानक फोन आला, निघालो. — जोड्याकडं काऊन पाहून राहिले? माझ्या लग्नातले आहेत, चावतात, पन आज हेच घातलो. चपला होत्या, त्या... तुटल्या. अन् तेवढा मोबाईल खिशात ठेवा न. तुमच्यावर शंका नाही हो, पन आजकाल कोन कोनाचं बोलनं भरून घेईल सांगता येत नाही. आमच्या गावात तसंच तर झालं.

आमची ग्रामपंचायतीची निवडनूक आहे न परवा. इथून अकरा किलोमीटर आत गाव आहे, जंगलाले लागून. माझी बाई उभी आहे — जमुना केवलराम उईके, चिन्ह शिट्टी. केवलराम तो मी. पक्ष-बिक्ष नाही आमचा, जंगल राखन गट आहे, आठ वर्षं झाले. रोज चार घरं पाळीनं जंगलात फिरतात, काठी घेऊन, शिट्टी घेऊन — कोनी बांबू तोडून राहिला तर शिट्टी, कुठं धूर दिसला तर शिट्टी. म्हनून शिट्टीच मांगलो अन् शिट्टीच भेटली, किती नाचले पोट्टे त्या दिवशी! सात जन उभे केलो. वीस वर्षं सरपंचकी मुन्नालालच्या घरची — दोन ट्रॅक्टरवाला मानूस, त्याच्यासमोर आमी कोन? तरी लोकं म्हनत होते, यंदा शिट्टी. मुन्नालाल स्वतः माझ्या अंगनात येऊन चहा पिऊन गेला, तेव्हाच समजलो मी, हा भ्याला. — हो, तेव्हा तो भ्याला होता. आता... किती वाजले?

अन् मंगळवारी जंगल जळलं. कोनतं म्हनजे? आमीच राखलेलं! सकाळी धूर निघाला, दुपारपर्यंत टेकडी काळी. आठ वर्षांचा बांबू. बाया ओल्या डाहाळ्यानं आगीले झोडपत होत्या, जमुनाच्या भुवया जळल्या, विचारा कोनालेही. आग पुरती विझली नव्हती तर मुन्नालाल चौकात उभा — जंगल राखतो म्हनून मतं मांगतात अन् जंगल यायनंच जाळलं, आता यायच्या हाती गाव देता का? त्याच्या पुतन्यानं व्हिडिओ काढला, संध्याकाळपर्यंत घराघरात. आमचे पोट्टे काठ्या घेऊन निघाले होते. जमुना म्हने, बसा खाली, त्यानं विचारलं आहे तर आपन सांगू, मारून उत्तर होत नाही. मग बैठक बोलावली, भोंगा लावला, सारा गाव आला, मुन्नालालची मानसंही मागं उभी. अन् माईक कोनाच्या हाती दिला? माझ्या. उमेदवाराचा नवरा न मी, दहावी आहो, बोलता येते. मी काय बोललो मालूम? — आमच्यातल्या एकाही घरातून आग लागली असल तर आमचे सातही जन घरी बसतील! सोमवारी चार वाजता सातही घरं मोहाच्या झाडावर हात ठेवून सांगतील! — कोनी सांगतलं नव्हतं मले असं बोलाले. ठरलं होतं का आग आमी विझवलो, चौकशी करा, बस, एवढंच बोलाचं. पन सारे माझ्याकडं पाहून राहिले होते, मागं कोनीतरी हासला, मले वाटलं त्याले समजलं — अन् तोंडातून निघून गेलं. टाळ्या काय पडल्या भाऊ! टाळ्या पडून राहिल्या होत्या अन् मी सोमवार कितवा दिवस ते बोटावर मोजून राहिलो होतो.

तुमच्याकडं ठेवतात का मोहावर हात? नाही न? आमच्याकडं मानूस कोर्टात खोटं बोलल, त्या झाडाखाली नाही बोलत. आमची बैठक तिथं भरते, लग्नाचा मांडव मोहाच्या डाहाळीबिगर होत नाही. एका घरचा एक हात. माझा चुलत आजा सांगत होता, एकानं कोनाची गाय मारली अन् हात ठेवून नाही म्हनला, तर वर्षभरात त्याचा तोच हात वाळला, घास उचलत नव्हता. मी नाही मानत, आधीच सांगतो. मी दहावी आहो. पन आज आमच्या घरून हात कोन ठेवल? मी इथं आहो तर जमुनाच ठेवल न. अन् तिले बिचारीले काही मालूम नाही. — काय मालूम नाही म्हनजे? काहीच नाही, मी असंच म्हनलो. आग कशी लागली हे कोनाले मालूम आहे? विडीनं लागली असल, ढोरकी बसतात न तिकडं ढोरं घेऊन. पहाटे तर हवाही नव्हती, काडी लावली तेव्हा पान हालत नव्हतं, मग एकदम हवा सुटली अन्—

...तुमी मास्तर आहात काय? असं पाहू नका न.

सांगतो. तुमी नागपूरचे, तुमाले काय करायचं आमच्या गावाशी. मोहफुलं पडाचे दिवस आहेत. फुलं पहाटे पडतात, खाली पाला असला तर दिसत नाही, म्हनून आमचे बापजादे झाडाखालचा पाला जाळत आले. गटानं ते बंद केलं. मीच घरोघर जाऊन सांगतलो, भिंतीवर गेरूनं मीच लिहिलो — पाला झाडा, जाळू नका. दरवर्षी मी झाडतोच. यंदा महिनाभर प्रचारात फिरून राहिलो, झाडू माराले टाईम कुठं? आमचं झाड टेकडीच्या पायथ्याशी आहे. जमुना म्हने, फुलं वाया जाऊन राहिली. मी म्हनलो, एका झाडाचा पाला, दहा मिनिटाचं काम, कोन पाहते? अन् विझवलो होतो मी भाऊ! पायानं तुडवून तुडवून विझवलो, चपलेचा तळ वितळला, धूर बंद होतपर्यंत उभा होतो. सातले प्रचाराले निघाचं होतं, म्हनून गेलो. खाली एखादं खोड धुमसत राहिलं असल. चपला कौलात खोचल्या, अगदी वर, तिथं कोनी हात घालत नाही. सहा दिवस झाले, कोनी दारात खोकललं तरी मी पहिले कौलाकडं पाहतो.

दाखवा घडी. — चारले पाच कमी. हा फोन तिचाच आहे. वाजू द्या. तिसऱ्यांदा येऊन राहिला. उचलून काय सांगू? — नाही हो, माझं मले काही भेव नाही, खरं सांगतो. दोन थापडा मारतील, मारोत. मले भेव तिचं आहे. ती मानते त्या झाडाले, मनापासून मानते. नकळत खोटा हात ठेवला अन् उद्या तिले नुसता ताप जरी आला, तर मी काय तोंड घेऊन तिच्यापाशी बसू? तिच्यासाठीच जीव खाली-वर होऊन राहिला माझा. एवढंच म्हनाव वाटते तिले, हात ठेवू नको. — सांगू? तुमी म्हनता उचल? बरं. उचलतो. तुमी उठू नका, इथंच बसा.

—हां जमुना, बोल. ...कोहमाऱ्याले, बसस्टँडवर. ...नाही वो, तुझ्या भावाले काही नाही झालं, तो बरा आहे. आयक न पहिले, तू हात ठेवू नको. काऊन ते मी घरी येऊन — ...कोनत्या चपला? ...वास आला? कौलातून? ...मंगळवारीच काढल्या? अन् सहा दिवस तू काहीच — ...मी सांगीन म्हनून? सांगनारच होतो वो, मायची शपथ, आजच सांगनार होतो. ...मग आता? ...तू सांगते म्हनते? साऱ्यासमोर? माझं नाव घेऊन? — ए जमुना, पागल झाली काय! फॉरेस्टवाले नेतील मले! गाव घरात येऊन मारल मले! नाही म्हन न तू! हात ठेव अन् सरळ नाही म्हन! काही नाही होत, झाड आहे ते, लाकूड आहे, कोनाचा हातबीत नाही वाळत! मी म्हनतो न, ठेव हात अन् — जमुना? जमुना!

बंद नाही केला तिनं. चालूच आहे. भोंग्याचा आवाज येऊन राहिला. नावं पुकारून राहिले.

...जमुना केवलराम उईके.

...सारे चूप झाले.

काय पाहून राहिले माझ्याकडं? ती पाहा आली नागपूरची, हात दाखवा, नाही तर थांबत नाही तो. — नाही, मी नाही. मले कुठं जायाचं आहे? जा न भाऊ. जा म्हनतो न!